शेवगा आधी, लिंब मागून

तात्यांनी केळीचा मुनवा, बुडाशी फुटलेलं पिल्लू, खणून काढला तेव्हा नुकतं उजाडत होतं. आदल्या दिवशीच पाटाचं पाणी फिरून गेलेलं, त्यामुळं माती काळी आणि मऊ होती. कुदळ नुसती टेकवली की आत जात होती. मुनव्याच्या बुडाशी आलेला मातीचा गोळा त्यांनी दोन्ही हातांनी दाबून घट्ट केला, भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळला आणि सुंभानं बांधला. त्यातच अळूचे कंद घातले, कर्दळीचं एक बेट घातलं. आईनं मोगऱ्याची मुळं फुटलेली फांदी आणून वर खोचली. मी नवं लुगडं नेसून दारात उभी होते. माझ्या पत्र्याच्या ट्रंकेपेक्षा ते गाठोडंच मोठं झालं होतं.

"पानी चुकवू नगं, अनशे," तात्या म्हणाले. "पानी दिलं की समदं येतं."

सासरी निघालेल्या मुलीला सांगायला दुसरं काही त्यांना सुचलं नसावं. त्यांचा सगळा जन्म बारामतीजवळच्या त्या पाटाखालच्या मळ्यात गेला होता. वांगी, मिरची, केळी, कडेनं ऊस. पाणी आलं की वाफ्यांची दारं धरायची, पाणी गेलं की खुरपायचं. कोरडी जमीन कशी असते हे त्यांनी लांबूनच पाहिलेलं.

दादा, तू तेव्हा बैल जुंपत होतास आणि मुद्दाम माझ्याकडं बघत नव्हतास. कमल, तू लहान होतीस; माझ्या पदराला धरून होतीस, तुला आईनं ओढून नेलं. हे तुम्हा दोघांसाठीच लिहिते आहे. दादा मळ्यात राहिला, कमल लग्न होऊन माझ्याहूनही लांब, नाशिककडं गेली. दोघंही अधूनमधून विचारता की, तू तिथं कशी रमलीस? मला त्याचं उत्तर देता येत नाही. मी रमले का, हेही मला ठाऊक नाही. काय काय झालं ते मात्र सांगता येईल.

लग्न होऊन वर्ष झालं होतं, पण तोवर मी माहेरीच जास्त असे. आमचे हे इंदापूरच्या दवाखान्यात कंपाउंडर होते आणि एका खोलीत हातानं करून खात. त्यांची आई कळंबला एकटी राहायची. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. त्या फाल्गुनात आत्याबाईंच्या अंगावरून वारं गेलं आणि डावी बाजू लुळी पडली. ह्यांनी त्यांना इंदापूरला आणलं, दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं आणि मला न्यायला आले.

एस्टीचा कंडक्टर गाठोड्याकडं बघून म्हणाला, "बाई, पानी गळतंय ह्याचं. आत न्हाय चालायचं. टपावर टाका." ह्यांनी ते वर चढवून बांधलं. इस्त्रीच्या शर्टावर चिखलाचा डाग पडला तो ते वाटभर रुमालानं पुसत होते. मी खिडकीशी बसून टपावरच्या उन्हाचा विचार करत होते.

बारामती सोडली तरी बराच वेळ कडेनं ऊस होता. मग तो तुटक दिसायला लागला. निमगाव केतकीला गाडी थांबली तेव्हा तिथं बाजार भरला होता, माणसं टोपल्या घेऊन चढली. तिथून पुढं बघितलं तर दोन्ही बाजूंना उघडा माळ, मधूनच एखादी बाभूळ.

"पाट कुठवर हाय?" मी ह्यांना विचारलं.

"पाट? तो मागंच राहिला की," ते म्हणाले. सहज म्हणाले. मी खिडकीतून मान काढून मागं बघितलं.

घराच्या मागं परडं होतं. ते ह्यांनी मोठ्या हौसेनं दाखवलं. तुला झाडांची आवड आहे म्हणून हेच घर घेतलं, म्हणाले. मी बघत राहिले. पांढुरका मुरूम, त्यात गोटे, एका कोपऱ्यात धुण्याचा दगड. पलीकडं आमच्या घरमालकीण सखूबाई, त्यांच्या गोठ्याचा पत्रा. परडं मावळतीच्या अंगाला होतं. सकाळी घराची सावली त्यावर असायची, पण दुपार कलली की ऊन थेट आत यायचं, आणि गोठ्याचा पत्रा ते आणखी आमच्याकडं फेकायचा. आमच्या खोल्यांवरही पत्राच. दुपारी आत बसवत नसे आणि बाहेर उभं राहवत नसे. ज्याला चालता येतं तो कुठंतरी जाऊन बसेल. आत्याबाईंनी कुठं जायचं? त्यांची बाज मी मागच्या दाराच्या आत लावली होती. वारा आला तर तिथंच यायचा, आणि तोही तव्यावरून आल्यासारखा.

गाठोडं सोडलं तेव्हा गोणपाट खडखडीत वाळलं होतं. मोगऱ्याची फांदी हातात घेताच मोडली. मुनव्याच्या पोटात मात्र ओल होती. मी ह्यांच्याकडून पहार मागून घेतली आणि धुण्याच्या दगडाजवळ खड्डे केले. आमच्या मळ्यात जे काम दोन कुदळींत व्हायचं त्याला इथं अर्धी सकाळ लागली. तळहाताला फोड आले. केळ लावली, अळू लावलं, कर्दळ लावली.

पाणी सखूबाईंच्या आडाचं. चैत्र लागला तसा आड खाली गेला, पाणी मचूळ यायला लागलं आणि सखूबाईंनी सांगून टाकलं, "पोरी, सकाळी दोन घागरी आन् सांजच्याला एक. माझी जनावरं हायती." त्यात स्वयंपाक, प्यायला, आत्याबाईंचं अंग पुसणं, त्यांची लुगडी धुणं. मी माझी अंघोळ एका तांब्यावर आणली. भांड्यांचं, तांदळाचं, भाजीचं सगळं पाणी केळीला. तरी अळू आठवड्याभरातच झोपलं. मग कर्दळीची पानं कडेनं करपत करपत देठाशी आली. केळीचं नवं पान सुरळीतच वाळायचं. ती सुरळी मी रोज बोटांनी उलगडून बघत असे.

आत्याबाई बाजेवरून हे सगळं बघायच्या. त्यांची जीभ जड झाली होती, शब्द अर्धेच यायचे. मी त्यांना पहिल्यापासून जरा भिऊन होते. कळंबला त्यांच्या तोंडाचा धाक होता म्हणे. आता त्या बोलत नव्हत्या, पण डोळे तेच होते.

वैशाखातली दुपार. सकाळपासून मी पाण्याचा घोटही घेतला नव्हता हे मला नंतर आठवलं. भांड्यांच्या पाण्याचं पातेलं घेऊन केळीकडं गेले, वाकले, आणि समोरचा पत्रा पांढरा पांढरा होत गेला एवढंच समजलं. शुद्धीवर आले तेव्हा मी दाराच्या आत होते आणि सखूबाई पदरानं वारा घालत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हातारीनं तांब्या खाटंच्या माचव्यावर आपटून आपटून गल्ली उठीवली. मला वाटलं तीच गेली."

आत्याबाईंच्या उजव्या हातात अजून तो तांब्या होता. काठ चेपला होता. सखूबाई गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. एकेक शब्द ओढून आणत म्हणाल्या, "केळ... मरू दी. तू... नगं मरू."

मी त्यांच्या बाजेच्या उशाशी बसून पोटभर रडले. माहेर सोडल्यापासून पहिल्यांदाच. त्यांनी उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि तो तसाच ठेवून झोपल्या.

केळीला त्यानंतर मी पाणी घातलं नाही. ती वाळून आडवी होईपर्यंत तिकडं बघायचंही नाही असं ठरवलं होतं, पण धुण्याचा दगड तिथंच होता.

सावली मात्र हवीच होती. त्या मावळतीच्या अंगाला एक झाड उभं राहिलं तर आत्याबाईंची बाज बाहेर काढता येईल, एवढंच डोक्यात होतं. फुलं, भाजी, शोभा सगळं मागं पडलं. मी दुपारी ह्यांचा डबा घेऊन दवाखान्यात जात असे. त्या वाटेवर मी बघायला लागले की ह्या उन्हात, कुणी पाणी घालत नसताना, हिरवं काय आहे. माहेरी मी असं कधी बघितलं नव्हतं. तिथं सगळंच हिरवं, मग बघायचं काय? इथं मोजकीच झाडं होती. दवाखान्याच्या आवारात कडूलिंब, त्याला आमच्याकडं नुसतं लिंबच म्हणतात. सगळं गाव भाजत असताना त्याला पोपटी पालवी. देवळामागं कण्हेर लाल फुलांनी भरलेली. एका पडक्या भिंतीत सीताफळ, त्याला शेळी तोंड लावत नव्हती. सखूबाईंच्या बैलगाडीतून एकदा निमगावच्या बाजाराला गेले तर वाटभर माळावर तरवड पिवळाधमक फुललेला. आणि बाजाराच्या अलीकडं एका वस्तीवर शेवगा, इतका उंच की मला वाटलं वीसएक वर्षांचा असेल. तिथल्या बाईला विचारलं. ती म्हणाली, "वीस कुठलं? थोरल्या पोरीच्या लग्नात फांदी खोवली हुती. तिला आता दुसरं मूल होईल."

तिनं मला मनगटाएवढ्या जाडीची फांदी तोडून दिली. मी ती मांडीवर आडवी घेऊन घरी आले.

मग घरात वाद झाले. मी कण्हेर लावते म्हणाले तर ह्यांनी साफ नाही सांगितलं. "कण्हेर खाऊन आलेली माणसं मी दवाखान्यात बघतो. माझ्या घरात नको ते झाड." तरवड म्हणाले तर सखूबाई पोटाला हात लावून हसल्या, "अगं, माळावरचा तरवड कुनी घरात आनतं का? उद्या दगडं लावशील!" अडुळसा ह्यांनी स्वतःच आणला, खोकल्याला चांगला म्हणून, आणि शेळ्या खात नाहीत म्हणून मी तो गोठ्याच्या बाजूनं लावला. कोरफड सखूबाईंनी दिली. सीताफळाच्या बिया टाकल्या. ह्या सगळ्यावर आत्याबाई काही बोलल्या नाहीत. शेवग्याची फांदी दिसली तेव्हा मात्र त्यांनी उजवा हात जोरात हलवला.

"शेवगा... दाराशी न्हाय. ठिसूळ... लाकूड. लिंब लाव."

"लिंबाखाली बसायला किती वर्सं लागतील, आत्याबाई?" मी विचारलं. विचारून झाल्यावर मला कळलं की मी काय विचारलं. त्याही समजल्या. गोठ्याच्या पत्र्यावर कावळा चालत होता, त्याच्या नख्यांचा आवाज येत होता.

शेवटी त्या म्हणाल्या, "दोनी लाव. शेवगा... आधी. लिंब... मागनं."

फांदी मी मृगाच्या आधी लावली. ह्या वेळी खड्डा पहारीनं कमरेइतका खोल केला, ह्यांनी रविवारी मदत केली. तळाशी राख, गोठ्यातलं जुनं शेण, वर मुरमातली चाळलेली माती. बाजूला गळकी घागर गळ्यापर्यंत पुरली. आत्याबाईंच्या अंग पुसण्याचं पाणी त्या घागरीत ओतलं की ते मुळांना झिरपत राहायचं, वरच्या वर वाळून जायचं नाही. पावसाळ्यात दवाखान्यातल्या लिंबाखाली रोपांचा सडा पडला, त्यातलं एक बोटभर रोप उचलून आणलं आणि शेवग्याच्या आडोशाला लावलं. शेवग्याला पंधरवड्यात डोळे फुटले. लिंब तसंच होतं, चार पानांचं. रोज बघितलं तरी फरक कळायचा नाही.

तुम्हाला वाटेल, हिनं झाडं लावली आणि सगळं सुखाचं झालं. तसं नाही. त्या वर्षात मी फार थकले. आत्याबाईंना उचलायचं, कूस बदलायची, भरवायचं. पाठीला जखम होऊ नये म्हणून ह्यांनी दवाखान्यातून पावडर आणली, ती लावायची. कितीदा वाटायचं की उठावं आणि निमगावच्या वाटेनं चालत सुटावं, पाट दिसेपर्यंत. कंदिलाची काच पुसताना, भाकरी थापताना, कधीही. पण चूल विझलेली नसायची आणि आत्याबाई हाक मारायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात शेवगा पत्र्याच्या वर गेला. चैत्रातल्या एका दुपारी आम्ही दोघांनी आत्याबाईंची बाज उचलून पहिल्यांदा परड्यात नेली. शेवग्याची सावली ती काय! पानं इवली इवली, ऊन चाळणीतून पडावं तसं खाली येत होतं. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर, लुगड्यावर, लुळ्या हातावर ठिपके हलत होते. पण वारा होता. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि इतका लांब श्वास सोडला की ह्यांनी घाबरून त्यांच्याकडं बघितलं.

"बरं हाय," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून रोज दुपारी बाज बाहेर. सावली सरकली की मी बाज सरकवायची. एकदा मी शेवग्याचा पाला भाजीसाठी काढून सुपात ठेवला होता. आत जाऊन आले तर आत्याबाई काडी दातात धरून उजव्या हातानं पानं ओरबाडत होत्या. ओठातून लाळ गळत होती, पानं लुगड्यावर सांडत होती, पण सूप निम्मं भरलं होतं. आजारी पडल्यापासून त्यांनी केलेलं ते पहिलं काम. त्या दिवशीची भाजी त्यांनी मागून घेऊन खाल्ली. मग रोज त्यांना काहीतरी निवडायला लागायचं. घेवडा, मेथी, काहीही. दिलं नाही तर रुसायच्या.

असंच निवडता निवडता त्यांनी मला विचारलं, "माहेराची... याद येती?"

मी होय म्हणाले. खोटं बोलायचं बळ नव्हतं.

"मला... बी," त्या म्हणाल्या. "भीमाकाठचं हाय... माझं. कळंबला आले तवा... नदी न्हाय म्हनून... जेवले न्हवते." आणि त्या हसल्या. अर्ध्याच तोंडानं, पण हसल्या. ह्यांची आई नदीकाठची आहे हे मला माहीतच नव्हतं. ह्यांनाही ती जेवली नव्हती हे माहीत नव्हतं.

त्याच उन्हाळ्यात वळवाच्या वाऱ्यात शेवग्याची मोठी फांदी कडकन मोडली आणि बाजेवर पडली. आभाळ भरून आलं म्हणून आम्ही आत्याबाईंना नुकतंच आत नेलं होतं. बाजेचा एक माचवा, म्हणजे पायच, मोडला. मी धावत जाऊन फांदी ओढायला लागले. दाराच्या आतून आत्याबाई मात्र खूश होऊन म्हणाल्या, "सांगत... हुते मी!" त्यांचं म्हणणं खरं ठरलं ह्याचा आनंद त्यांना दोन दिवस पुरला. पुढं ह्यांनी दर पावसाळ्याआधी शेवगा डोक्याइतका छाटायचा नेम केला. छाटला की तो आणखी दाट फुटायचा.

आत्याबाई त्याच्या पुढच्या माघात गेल्या. सकाळी मी त्यांना चहा द्यायला गेले तेव्हा त्या गेलेल्या होत्या. लिंब तेव्हा माझ्या कमरेपर्यंत आलं होतं. तेरावा झाल्यावर घरात करायला काहीच उरलं नाही. उचलायचं कुणाला? मी रिकामी बाज परड्यात नेऊन ठेवायची आणि सावली सरकली की उगाच सरकवायची. ह्यांनी ते पाहिलं.

मग मंदा झाली. तिचं रांगणं, पडणं सगळं त्या मुरमावर. गुडघे कायम फुटलेले. ती पाटाच्या पाण्यात पाय सोडून कधी बसली नाही, हे मनात यायचं आणि मी त्याच पायांना तेल चोळायची.

तात्या आले ते मंदा चालायला लागल्यावर. दादा, तुला ठाऊक आहेच की ते त्या वर्षी का बाहेर पडले, कमलला नसेल. मळ्यातल्या खालच्या तुकड्यात पाणी साठून राहायला लागलं होतं. उन्हाळ्यात माती वर पांढरी फुटायची, जिभेला लावली तर खारट. केळीची पानं पिवळी पडली, वांगी उठेनात. जिथं मुनवा खणताना कुदळ नुसती टेकवावी लागायची, तीच जागा.

तात्या परड्यात आले आणि उभेच राहिले. तोवर शेवग्याच्या शेंगा लोंबत होत्या, लिंबानं पत्रा गाठला होता, सीताफळ माझ्या खांद्याला आलं होतं. अडुळसा तर माजला होता. त्यांनी लिंबाच्या बुंध्याला हात लावला, खाली वाकून मुरूम उचलला, बोटांत चुरडला.

"ह्याला पानी किती देतीस?"

"आता काहीच न्हाय देत, तात्या."

ते बाजेवर बसले. मग म्हणाले, "मी जन्मभर पानी देत आलो, अनशे. जादा झालं आसंल का?"

एवढा मोठा माणूस मला असं विचारत होता. मी शेवग्याच्या शेंगांची आमटी केली. त्यांनी दोनदा वाढून घेतली.

उन्हाळाभर राहा असं मी म्हणाले तर तात्या राहिले. पहाटे उठून परडं झाडायचे, मंदाला खांद्यावर घेऊन इंदापूरच्या बाजारात जायचे, ट्रक बघत उभे राहायचे. पण ते वाळत चालले होते. एक दिवस सकाळीच पिशवी भरून तयार. "हितं पान्याचा आवाज न्हाय," म्हणाले, "झोप लागत न्हाय मला." त्यांना एस्टीत बसवलं. खिडकीतून मंदाच्या गालाला हात लावून म्हणाले, "जमीन खारी झाली तरी ती माझीच हाय न्हवं?" आणि गाडी सुटली. त्यांचं तसं म्हणणं मला त्या वेळी पटलं नाही. मी मनातल्या मनात चिडले. इथं लेक आहे, नात आहे, सावली आहे, आणि ह्यांना त्या पांढऱ्या मातीची ओढ! पण परत येताना सगळी वाट मी रडत होते आणि मंदा माझे डोळे पुसत होती.

गेल्या महिन्यात हे दवाखान्यातून आले ते हसतच. बाजेवर बसले, टोपी काढली. म्हणाले, "तुला न सांगता एक केलंय. बारामतीला बदली मागितली होती. साहेब म्हणाले, जागा होतेय, हुकूम काढू का? दोन दिवसांत सांगायचंय." आणि माझ्याकडं बघत राहिले. इतक्या वर्षांत त्यांनी मला साडी आणली, बांगड्या आणल्या, पण असा चेहरा कधी केला नव्हता. "तुझ्या माहेरापासून पायी जाण्याइतकं अंतर. तात्यांनाही जवळ. तू इथं आल्यापासून माझ्या मनात होतं."

मी आले त्या वर्षी त्यांनी हे सांगितलं असतं तर मी अनवाणी नाचत गेले असते. आता मी वर लिंबाकडं बघत राहिले. दुपार कलली होती. लिंब आता दाट झालं आहे. त्याच्याखाली ठिपके पडत नाहीत, सलग सावली पडते. मंदा पलीकडं निंबोळ्या गोळा करत होती. ह्यांना वाटलं मला आनंदानं बोलवत नाही.

"घर कसलं मिळेल तिकडं?" मी विचारलं.

"बघू. मिळेल दोन खोल्यांचं. मागं जागा असलेलंच घेऊ. तू पुन्हा झाडं लाव."

ते चांगल्या मनानं म्हणाले. तिथं पाणी आहे, माती मऊ आहे, पहार लागणार नाही, हेही म्हणाले. मी ऐकत होते, आणि माझे हात मांडीवर पडले होते ते मला जड वाटायला लागले, जसे आत्याबाईंना उचलून ठेवल्यावर व्हायचे तसे. मला सांगता येईना. माझं माहेरावर प्रेम नाही असं नाही. तात्यांची आठवण येत नाही असा दिवस जात नाही. हे इंदापूर मला आवडतं असंही नाही. त्या गोठ्याच्या पत्र्याचा मला आजही राग येतो.

"नको," मी म्हणाले.

"नको?"

"आपण इथंच राहू."

त्यांनी का म्हणून विचारलं. मी म्हणाले, दमले. त्यांना वाटलं दिवसभराच्या कामानं. मग त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि टोपी गुडघ्यावर फिरवत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना नाही सांगितलं. थोडे हिरमुसले होते, दोनतीन दिवस कमी बोलले. मग एका रविवारी आपणहून अडुळसा छाटायला घेतला.

दादा, तू रागावशील. आई म्हणेल, पोरगी परकी झाली. कमल, तुला कदाचित कळेल, तूही कुठंतरी खड्डे खणतच असशील. घर म्हणजे काय ते मला सांगता येत नाही. एवढंच समजलं आहे की नव्या जागी जाऊन पुन्हा पहिला खड्डा खणायचा, आणि त्यात लावलेलं जगतंय का मरतंय हे रोज वाकून बघायचं, एवढं बळ आता माझ्यात नाही. ते ह्याच परड्यात खर्च झालं. ते जिथं गेलं, तिथंच आता मी राहणार.